मानेचं ऑपरेशन, मग खांदा का धरतो?

तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करून पेशंट घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण बजावतो, "हात हलवू नका, टाके तुटतील." पुण्यात हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता राहवत नाही. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस पीएमपीच्या बसमधला वरचा दांडा धरू शकत नाही आणि घरचे घाबरतात, रोग खांद्यात तर उतरला नाही ना?

बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. तोंडाचा कर्करोग मानेतल्या लसीका गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरू शकतो, म्हणून त्याच ऑपरेशनमध्ये त्या काढतात. १९०६ मध्ये अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल यांनी मांडलेल्या पद्धतीत गाठींबरोबर मेंदूकडून येणारी अकरावी नसही कापली जाई. आता शक्य तिथे ती वाचवतात; पण गाठी सोडवताना ती ताणली जातेच, आणि काही महिने मुकी राहू शकते.

ही नस ट्रॅपेझियस, म्हणजे मानेपासून खांद्यावर आणि पाठीवर पसरलेला स्नायू, चालवते. हात डोक्यावर नेताना होणाऱ्या १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले ६० खवाटा, म्हणजे खांद्यामागचं पाठीवरचं चपटं हाड, फिरल्यामुळे. खवाट्याचा बरगड्यांशी सांधा नाही, तिथे त्याला स्नायूच धरून ठेवतात. ट्रॅपेझियस वरून आणि खालून ओढतो, सेरेटस अँटिरिअर हा बरगड्यांवरचा स्नायू पुढून ओढतो, तेव्हा खवाटा चाकासारखा फिरतो. ट्रॅपेझियस लुळा पडला की खवाटा खाली-पुढे घसरतो आणि हात बाजूने वर नेताना खांद्याच्या उंचीपाशीच अडतो. पुढून मात्र तोच हात बराच वर जातो! कारण सेरेटसची नस वेगळी, ती शाबूत असते. पेशंटला दोन्ही करून बघायला सांगा, फरक लगेच दिसतो.

नसेतले तुटलेले तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. व्यायामाने ते झरझर वाढत नाहीत. पण तोवर सांध्याचं आवरण आखडू न देणं व्यायामाच्याच हातात आहे. सर्जननं परवानगी दिली की उताणं झोपून चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा, बसून दोन्ही खवाटे मागे जवळ आणायचे. रबरी पट्टा ओढायचा व्यायाम नंतर. बसताना कोपराखाली उशी हवी, आणि त्या हातात भाजीची जड पिशवी नको.

'नस चढलीय' म्हणत मालीशवाल्याकडे कृपा करून नेऊ नका. गरम पाण्याची पिशवीही नको: ऑपरेशननंतर मान आणि कानाची पाळी बधिर असते, कातडी भाजली तरी कळत नाही. छातीचा स्नायू काढून तोंडात बसवला असेल, तर ते फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा. व्यायामाचा क्रम त्यावर ठरतो.