मोरचूद, चुना आणि समीकरणातला बाण

पावसाळा लागला, एप्रिल छाटणीनंतरच्या वेलींवर पानं दाटली आणि हवा ढगाळ राहू लागली, की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती वाटते आणि त्यावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाची तयारी सुरू होते. एका ड्रममध्ये मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, दुसऱ्यात कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मग दोन्ही एकत्र. दहावीच्या पुस्तकातल्या रासायनिक अभिक्रियांचा निम्मा धडा या ड्रमांत घडतो. नाशिकच्या मुलांना तो बागेत नेऊन शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात चुन्यापासून करू. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, वाफा येतात, भांडं हात लावू देत नाही. खाली जाळ नाही, तरी उष्णता येते कुठून? चुना आणि पाणी यांचे अणू जुनी जोडणी सोडून नवी जोडणी करतात आणि या नव्या मांडणीला ऊर्जा कमी लागते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून ही उष्मादायी अभिक्रिया. लिहायची अशी:

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड

बाणाच्या डावीकडे अभिकारके, उजवीकडे उत्पादित. साखर पाण्यात विरघळते तेव्हा साखर साखरच राहते, पाणी आटवलं की परत मिळते. इथे मात्र नवा पदार्थ तयार झाला. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक तो हाच.

आता मोरचुदाचं निळं पाणी आणि चुन्याची निवळी एकत्र येतात आणि आकाशी रंगाचा दाट साका तयार होतो. शाळेच्या पातळीवर त्याचं समीकरण असं:

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

दोघांनी आपापले जोडीदार बदलले, म्हणून हे दुहेरी विस्थापन. प्रत्यक्षात साक्याची रचना याहून गुंतागुंतीची असते, पण मुख्य गोष्ट हीच. कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तांबं पानाला चिकटून राहतं, दवात आणि पावसात थोडं थोडं सुटतं आणि बुरशीचे बीजाणू मारतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरवण्यासाठी असंच निळसर मिश्रण शिंपडायचे. त्या वेलींची पानं टिकलेली पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांनी त्याचा अभ्यास केला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

समीकरण संतुलित करणं हा भाग मुलांना सगळ्यात रूक्ष वाटतो. मला तोच सगळ्यात सुंदर वाटतो. अभिक्रियेत अणू नवा होत नाही आणि नाहीसाही होत नाही, म्हणून बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच हवेत. नाशिकच्या वायनरीत टाकीतलं यीस्ट द्राक्षरसातल्या ग्लुकोजचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. इथेनॉलमध्ये हेच अनुक्रमे २, ६ आणि १. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन १, ऑक्सिजन २. एकेक रेणू घेतला तर हिशोब जुळत नाही. दोन-दोन घ्या:

ग्लुकोज → २ इथेनॉल + २ कार्बन डायऑक्साइड

कार्बन ४ आणि २ मिळून ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन २ आणि ४ मिळून ६. जुळलं! वजनही जुळतं: १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे साखरेचं जवळजवळ निम्मं वजन बुडबुड्यांवाटे निघून जातं.

हाच हिशोब ड्रमाला लावू. मोरचुदाचं रेणुवस्तुमान सुमारे २५०, कळीच्या चुन्याचं ५६. दोघांची गाठ एकास एक पडते, म्हणजे १ किलो मोरचुदाला शुद्ध चुना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरायला हवा. मग एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो का सांगतात? बाजारच्या चुन्यात खडे असतात, नीट न भाजलेली चुनखडी असते, आणि उघड्यावर राहिलेला चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, त्याचा जोर जातो. शिवाय चुना थोडा जास्त झालेला परवडतो, कमी पडलेला नाही. तांबं मोकळं राहिलं तर पानं करपतात.

ते मोकळं आहे का, हे पाहायची बागायतदारांची रीत मला फार आवडते. घासून लख्ख केलेला लोखंडी विळा किंवा सळई मिश्रणात थोडा वेळ धरायची. बाहेर काढल्यावर लालसर थर दिसला तर चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पुन्हा पाहायचं. तो थर म्हणजे शुद्ध तांबं:

लोह + कॉपर सल्फेट → आयर्न सल्फेट + तांबं

लोह तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून लोखंडाचे अणू द्रावणात उतरतात आणि तांबं बाहेर येऊन सळईवर बसतं. जस्त तर लोहाहूनही क्रियाशील. त्यामुळे मोरचूद लोखंडी पिंपात किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत भिजवायचं नाही, प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच भिजवायचं. नाहीतर पानावर जायचं तांबं बादलीच्या आतच बसतं, आणि बादलीला भोक पडतं ते वेगळंच.