टेक्सास सेज : नाव एकाचे, कूळ दुसऱ्याचे

रिओ ग्रांदे नदीच्या दोन्ही तीरांवर, दक्षिण टेक्सासपासून ईशान्य मेक्सिकोपर्यंतच्या चुनखडीच्या कोरड्या टेकड्यांवर आणि चिवावा वाळवंटात वाढणाऱ्या या सदाहरित झुडपाला इंग्रजी बोलणारे 'टेक्सास सेज' म्हणतात. मात्र सेजच्या, म्हणजे तुळशीच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. पान चुरगळून पाहिले तर सेजचा तो उग्र दरवळ येत नाही. राखाडी पानांच्या साधर्म्यावरून हे नाव पडले असावे. हा राखाडीपणाही पानाचा मूळ रंग नव्हे, तर ऊन परतवणाऱ्या आणि बाष्प राखणाऱ्या दाट लवेचा आहे. स्पॅनिश भाषकांनी राखेवरून दिलेले 'सेनिसो' हे नाव त्यामानाने अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

शास्त्रीय नावाचा इतिहास राजकारणाशी जोडलेला आहे. अमेरिका आणि स्पेन यांच्यातील 1819 च्या कराराने ठरलेली, पुढे मेक्सिकोकडे आलेली सीमारेषा तपासण्यासाठी मेक्सिको सरकारने जनरल मान्वेल दे मिएर इ तेरान यांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला. हा आयोग 1827 च्या नोव्हेंबरात मेक्सिको शहरातून निघाला, तेव्हा त्यात जिनिव्हाजवळून आलेले तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ-लुई बेर्लांदिए होते. त्यांनी 1832 मध्ये या झुडपाला आपल्या सेनापतीवरून 'तेरानिया फ्रुटेसेन्स' असे नाव दिले. त्याच वर्षी तेरान यांनी स्वतःच्या तलवारीवर देह टाकून जीवन संपवले. पुढे नावातही ते उरले नाहीत, कारण 'शुभ्रपर्णी' अशा अर्थाचे 'ल्युकोफायलम' हे प्रजातीनाम, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला भाग, हम्बोल्ट आणि बोनप्लां या निसर्गशास्त्रज्ञांनी आधीच प्रसिद्ध केले होते. नावाच्या दुसऱ्या भागात वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथम यांनी दिलेले 'टेक्सानम' काही काळ चालले; मात्र आधीच्या नावाला अग्रक्रम या नियमाने 1924 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन्स्टन यांनी 'ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स' निश्चित केले.

पाऊस पडून गेल्यावर किंवा हवेत दमटपणा वाढल्यावर झुडूप घंटेसारख्या जांभळ्या फुलांनी एकदम भरून जाते, म्हणून हवामानाचा अंदाज देणाऱ्या वायुदाबमापकावरून त्याला 'बॅरोमीटर बुश'ही म्हणतात. प्रत्यक्षात ते पावसाचे भाकीत करण्यापेक्षा त्याची पोच देते. कमी पाण्यावर तगत असल्याने ते बागांत शिरले आणि 'ग्रीन क्लाउड'सारखे निवडक वाण बाजारात आले.

2005 मध्ये टेक्सासने त्याला राज्याचे देशी झुडूप म्हणून मान्यता दिली. 'देशी' हा शब्द जोडावा लागला, कारण राज्य-झुडपाचा मान 1997 पासून आशियातून आलेल्या क्रेप मर्टलकडे आहे, जे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेल्या आपल्या ताम्हणाचे सख्खे भावंड आहे.