चेंडू कोणाच्या हाती, संघ कोणाच्या?

१९५० साली लॉर्ड्स मैदानावर एका सामन्यात ध्वनिक्षेपकावरून छपाईच्या चुकीची दुरुस्ती जाहीर झाली. पत्रकावर मिडलसेक्सच्या संघात आठव्या क्रमांकावर ‘एफ. जे. टिटमस’ असं छापलं गेलंय, ते ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. आज हसू येतं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला होता. आद्याक्षरं आधी आली तर खेळाडू हौशी, म्हणजे ‘जंटलमन’. आडनाव आधी आलं तर तो पैसे घेऊन खेळणारा, नुसताच ‘प्लेअर’. टिटमस पगारी होता. त्याला पत्रकावर चुकून साहेब केलं गेलं होतं.

इंग्लिश क्रिकेटमध्ये ही विभागणी १९६२पर्यंत टिकली. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारंही कित्येक ठिकाणी वेगळी. क्रीडा-समाजशास्त्राच्या दृष्टीने खरी गंमत मात्र दारांच्या पलीकडे, मैदानात आहे. हौशी मंडळी बहुतेक फलंदाज असत आणि गोलंदाजीचा मोठा भार पगारी खेळाडू उचलत. कर्णधार तर हौशीच हवा, असा संकेत होता. विसाव्या शतकात पगारी खेळाडू म्हणून इंग्लंडचं नेतृत्व करायचा पहिला मान लेन हटनला मिळाला तो १९५२ साली. तोवर तो जगातल्या अव्वल फलंदाजांत गणला जात होता.

खेळात गुणवत्तेलाच किंमत, बाकी सगळं सीमारेषेबाहेर, असं आपण मानतो. संघात कोण आलं एवढंच पाहिलं तर ते बरंचसं खरंही वाटतं. पण संघात आल्यावर कोणाला कोणतं काम दिलं जातं आणि त्या कामातून पुढे कोणती वाट फुटते, हे तपासलं की चित्र बदलतं.

अमेरिकेत हे मोजून पाहिलं गेलं. ऑस्कर ग्रस्की या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली बेसबॉल संघांच्या व्यवस्थापकांची, म्हणजे संघ चालवणाऱ्यांची, खेळाडू म्हणून जागा कोणती होती ते पाहिलं. कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा) आणि आतल्या वर्तुळात खेळणारे त्यांच्यात प्रमाणाबाहेर जास्त निघाले, दूरच्या आउटफिल्डमध्ये उभे राहणारे कमी. ग्रस्कीचं स्पष्टीकरण साधं होतं. मध्यवर्ती जागेवरच्या माणसाचं सगळ्यांशी बोलणं होतं, त्याला इतरांच्या कामाचा अंदाज येतो आणि डावपेच त्याच्यामार्फत फिरतात. पुढे जबाबदारी द्यायची वेळ आली की डोळ्यांसमोर तोच येतो.

१९७०मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग यांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला. जॅकी रॉबिन्सनने बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७ साली ओलांडली होती, संघांत कृष्णवर्णीय खेळाडू भरपूर झाले होते. पण ते कुठे उभे राहतात? उत्तर मिळालं, आउटफिल्डमध्ये. अमेरिकन फुटबॉलमध्येही तेच: क्वार्टरबॅकसारख्या (हल्ल्याची सूत्रं हाती असणारा खेळाडू) निर्णयाच्या जागा गोऱ्यांकडे, धावण्या-पकडण्याच्या जागांवर कृष्णवर्णीय. प्रवेश मिळाला होता, मध्यभाग मिळाला नव्हता. बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, आला तो १९७५मध्ये.

वॉरन मून या क्वार्टरबॅकची कथा या आकडेवारीला चेहरा देते. १९७८च्या सुरुवातीला त्याने आपल्या विद्यापीठाला मानाचा रोझ बाउल सामना जिंकून दिला, तरी त्या वर्षी एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, एकाही संघाने त्याला निवडलं नाही. जागा बदल, दुसरं काहीतरी खेळ, असा सल्ला त्याला मिळत होता. तो कॅनडात गेला, तिथे एडमंटनकडून सलग पाच विजेतेपदं मिळवली आणि १९८४मध्ये क्वार्टरबॅक म्हणूनच परतला.

यात प्रत्येक वेळी कोणी दुष्ट प्रशिक्षक असतोच असं नाही. ‘हे लोक वेगवान, ते लोक विचारी’ असे साचे डोक्यात घट्ट बसलेले असतात. लहान मुलंही आपल्यासारखा माणूस जिथे खेळताना दिसतो ती जागा निवडतात. शिवाय काही जागा शिकायला साधनं, मैदान आणि शिकवणारा माणूस लागतो, काही जागा अंगच्या वेगावर निभावतात. या तिन्हींतलं कोणतं कारण किती जड, यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला तिसरं कारण नेहमी दुर्लक्षित वाटतं, आणि त्यासाठी अमेरिकेपेक्षा पुण्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे.

बाळू पालवणकर चर्मकार समाजातला, जन्म १८७६चा, वडील लष्करात. पुण्यात आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायची नोकरी, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे जाळी लावणं, खेळपट्टी तयार करणं याबरोबर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणं हेही त्याच्याकडे आलं. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई; बाद केलंस तर आठ आणे, असं बक्षीस ठेवल्याचं सांगतात. डावखुरी फिरकी अशी घासून घासून तयार झाली. बॅट मात्र त्या नेटमध्ये त्याच्या हाती कोणी दिली नाही.

इथे गोलंदाज ‘निवडला’ गेला नव्हता, तो नोकरीतून घडला होता. त्या काळी क्रिकेटचे संघ धर्म-समाजावरून ठरत. पुढे हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा त्यांना बाळूची गरज भासली. पुण्यात त्याला घेण्यावरून मतभेद झाले, अखेर घेतलं. मैदानावर सगळे त्याने टाकलेला तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा आणि बाकीच्यांना आत चिनीमातीच्या कपात. विटाळ नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो, याचं असं काटेकोर वेळापत्रक समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातसुद्धा सहजी सापडायचं नाही.

पुढे बाळू मुंबईला गेला. १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. दौऱ्यात पराभवच जास्त झाले, तरीही. एवढं झाल्यावर चौरंगी (हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन या संघांच्या) सामन्यांत हिंदूंचा कर्णधार कोण? ब्राह्मण समाजातले एम. डी. पै. खुद्द पैंनीच १९१३मध्ये आपल्या सत्कारात सांगितलं, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूला मिळायला हवा होता. त्यांच्या मोठेपणाची नोंद ठेवावी आणि त्या मोठेपणाने निर्णय बदलला नाही हेही लक्षात ठेवावं.

१९२० साली हा प्रश्न चिघळला. बाळूला संघातून वगळलं गेलं. पै आजारी पडले तेव्हा बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल याला डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार केलं. देवधर मोठे फलंदाज, त्याबद्दल वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या पालवणकर भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जातीमुळे डावललं गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध बोलू लागले होते आणि मुंबईतलं जनमतही बदलत होतं. तडजोड झाली: पै बरे होऊन आले, भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाला आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यात त्याने संघ चालवला. त्याच्या वाट्याला आलेलं नेतृत्व ते एवढंच.

१९२३मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि संघाने युरोपियनांना हरवलं. घराणं तेच, जात तीच. मग काय बदललं? दहा वर्षांत समाजावर आलेला दबाव, हे मुख्य कारण. त्याचबरोबर विठ्ठल वाढला मुंबईत, मोठ्या भावांच्या नावाच्या आधाराने, आणि झाला फलंदाज. ग्रस्कीच्या चौकटीत बसवायचं तर भावांची जागा एका पिढीत कडेकडून मध्याकडे सरकली. अर्थात एका कुटुंबावरून सिद्धांत सिद्ध होत नाही, पण कडेची जागा ही नैसर्गिक देणगी नव्हती एवढं तरी दिसतं.

कर्णधार फलंदाजच बरा, हे मत आजही कट्ट्यावर ऐकू येतं. गोलंदाज दमतो, स्वतःला केव्हा बदलायचं हे त्याला कळत नाही, वगैरे. यात तथ्य थोडं आहे. पण रिची बेनॉ, इम्रान खान, कपिल देव, पॅट कमिन्स यांच्यानंतर हा मुद्दा फार लांब खेचता येत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये पर्थला नाणेफेकीला कमिन्स आणि जसप्रीत बुमराह असे दोन वेगवान गोलंदाज उभे होते, भारताने तो सामना २९५ धावांनी जिंकला. सवयीला तर्काचा मुलामा कसा चढतो, हे यावरून दिसतं. तो मुलामा हौशी-पगारीच्या काळातला आहे असा माझा अंदाज आहे.

जातीबद्दल मात्र यातून काहीच कळत नाही, कारण आपल्याकडे ते मोजणंच अवघड आहे. अमेरिकेत संघाच्या यादीशेजारी वर्णाची नोंद मांडून हिशेब करता येतो. इथे आडनावावरून जात ठरवायला गेलं तर निम्म्या वेळा फसायला होतं आणि खेळाडूला विचारणं बहुतेकांना असभ्य वाटतं. नेटमध्ये पहिली बॅट कोणत्या वयात आणि कोणाच्या पैशाने हाती आली, हा प्रश्न मात्र जात न विचारताही विचारता येतो. जिल्हा संघांच्या निवड चाचणीला येणाऱ्या मुलांना तो विचारला आणि फलंदाज-गोलंदाज अशी उत्तरं वेगळी मांडली, तर एका हंगामात बरंच काही हाती येईल.