प्रोफेशनल रायटिंगमधली एमए: सोलापुरातून अर्ज करताना घोडं कुठे अडतं

अमेरिकेत प्रोफेशनल रायटिंग किंवा ‘ऱ्हेटरिक अँड कंपोझिशन’मध्ये एमए करायची म्हणून मुलं आमच्याकडे फाइल घेऊन येतात. इंग्रजी कच्चं म्हणून नकार आला असं फार थोड्यांचं झालंय. बाकीचे कागदांत आणि तारखांत अडकले.

आधी पदवी कसली ते नीट बघा. एमएफए ही कथा-कवितेची वाट. प्रोफेशनल किंवा टेक्निकल रायटिंग म्हणजे मॅन्युअल, अहवाल, निधीसाठीचे प्रस्ताव. कंपोझिशन म्हणजे लिहायला शिकवायचं कसं, याचा अभ्यास. टेक्निकल रायटिंगच्या अर्जात ‘मला लहानपणापासून कवितांची आवड’ अशी सुरुवात केली, तर समितीला वाटतं पोरगं चुकीच्या दारात आलंय.

पदवी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची चालते, बी.ई.वाल्यांना तर टेक्निकल रायटिंगमध्ये फायदाच होतो. अडचण तीन वर्षांच्या बी.ए.ची. काही विद्यापीठं चार वर्षांचीच पदवी मागतात, काही डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदवी अमेरिकेतल्या कुठल्या पदवीच्या तोडीची ते तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन मागतात. डब्ल्यूईएस तीन वर्षांची पदवी समकक्ष धरते ती प्रथम किंवा द्वितीय श्रेणी आणि पदवी देणाऱ्या संस्थेला नॅकची (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) ‘ए’ किंवा वरची श्रेणी असेल तर. कॉलेजच्या गेटवरचा नॅकचा बोर्ड बघून खूश होऊ नका, पदवीवर नाव विद्यापीठाचं असतं. फी भरण्याआधी अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट ऑफिसला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. अर्जाची फी परत मिळत नाही.

आता तारीख. होटगी रोडची एक मुलगी ०१/०५ बघून निवांत होती, मे महिन्याला अवकाश आहे म्हणून. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ती ५ जानेवारी होती, आणि आम्हाला कळलं तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. शिवाय तारखा बहुधा दोन असतात: एक प्रवेशाची, दुसरी त्याआधीची, असिस्टंटशिपची. दुसरी हुकली तर प्रवेश मिळतो, पैसा नाही. असिस्टंटशिपवाले पहिल्या वर्षाच्या पोरांना लेखन शिकवतात, बदल्यात फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. वर्गात उभं राहायचं म्हणून बरीच विद्यापीठं बोलण्याचा वेगळा, चढा स्कोअर मागतात. टोफेलचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, एकूण आकडा बघून थांबू नका, स्पीकिंगचा बघा. स्कोअर दोनच वर्षं चालतो.

सगळ्यात चिवट कागद म्हणजे रायटिंग सॅम्पल, दहा-वीस पानांचा. आपल्याकडे बी.ए. होईपर्यंत कोणी तुमच्याकडून दहा पानं स्वतःची लिहून घेतलेली नसतात. प्रश्न, उत्तर, पुरवणी, संपलं. मग मुलं गाइडमधलं उत्तर फुगवून पाठवतात. ते पहिल्या पानावर ओळखू येतं. एक मुलगा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला म्हटलं, नव्या कामगाराला लूम सुरू कसा करायचा, धागा तुटला तर काय करायचं, हे लिही. पहिल्या खर्ड्यात ‘मशीन योग्य प्रकारे हाताळावे’ असली वाक्यं होती. मग त्याने एका नव्या पोराला ते वाचायला दिलं, पोरगं कुठे थबकतं ते पाहिलं, तीनदा बदललं, आणि प्रत्येक बदल का केला त्यावर चार पानं लिहिली. इंग्रजीत सॅम्पल गेला. या विषयाच्या लोकांना नेमकं हेच बघायचं असतं.

ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, आता केगावला सोलापूर विद्यापीठात जावं लागतं, पण ते झालं २००४ साली. त्याआधीची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे कोल्हापूरची फेरी. विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव मिळालं २०१९ मध्ये. गुणपत्रिकेवर जुनं नाव आणि ट्रान्स्क्रिप्टवर नवं असेल तर दोन ओळींचा खुलासा जोडा. सीलबंद पाकीट मागितलं असेल तर ते फोडू नका, ‘आत बरोबर आहे का बघतो’ म्हणूनसुद्धा. टक्क्यांचा जीपीए (अमेरिकेतली गुणांची सरासरी) स्वतः काढू नका, आहेत ते टक्के लिहा.

नावाचा घोळ वेगळाच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम दुसरा. लग्न झालेल्या मुलींचं तर पूर्ण नावच बदललेलं. प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवा, खिडकीवरचा माणूस ऐनवेळी ते मागणारच.

शिफारसपत्रं तीन. सरांना लिंक जाते, ती स्पॅममध्ये पडते आणि सर म्हणतात, ‘मला काही आलं नाही बुवा.’ जमलं तर शेजारी बसून उघडून द्या. ‘तूच लिहून आण’ म्हणाले तर मजकूर नको, वर्गात काय केलं त्याचे मुद्दे द्या. तीन पत्रांची भाषा एकसारखी निघाली की संपलं.

पैशासह प्रवेश आला की घाबरून त्याच दिवशी होकार देऊ नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत विचार करू देतात. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का, विचारून घ्या.

मग आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म), सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर, मुंबईत व्हिसाची मुलाखत. हे सरळ आहे. आय-२०साठी खर्चाची रक्कम दाखवावी लागते, आणि इथे सांगोल्याकडचे पालक डाळिंबाच्या बागेचा सातबारा पुढे करतात. जमिनीची किंमत त्यांना चालत नाही, लगेच काढता येईल असा पैसा लागतो. सातबारा फायलीत ठेवा आणि खात्याचं स्टेटमेंट किंवा कर्जाचं मंजुरीपत्र घ्यायला बँकेत जा.