भाऊ त्याचा की तिचा?

ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा वेल्श. तिच्यात भावाला 'ब्राउड' म्हणतात. पण बोलताना या शब्दाचं पहिलं अक्षर सारखं बदलत राहतं. माझा भाऊ 'वं म्राउड', तुझा भाऊ 'डं व्राउड', त्याचा भाऊ 'ई व्राउड' आणि तिचा भाऊ 'ई ब्राउड'. यातली शेवटची जोडी नीट पाहा. 'त्याचा' आणि 'तिचा' या दोन्हींसाठी एकच 'ई', लिहायलाही सारखाच. भाऊ कोणाचा, हे कळतं ते फक्त 'व' आणि 'ब'वरून.

मराठीत नाम बदलतं ते शेवटाकडून: भाऊ, भावाला, भावाचा. वेल्शमध्ये ते तोंडाशीच बदलतं. त्यामुळे नवशिक्याला शब्दकोशात 'म्राउड' सापडत नाही. तो 'ब'मध्येच शोधावा लागतो.

असं का होतं, हे संस्कृत शिकलेल्यांना चटकन पटेल. संस्कृतात 'त्याचा' म्हणजे अस्य आणि 'तिचा' म्हणजे अस्याः. वेल्शच्या पूर्वज भाषेतही याच कुळातली दोन रूपं होती, एक स्वरान्त आणि दुसरं सकारान्त. स्वरामागोमाग आलेलं व्यंजन उच्चारात सैल पडे, म्हणून 'त्याचा'नंतर 'ब'चा 'व' झाला. 'तिचा'च्या शेवटी 'स' होता, तिथे 'ब' शाबूत राहिला. पुढे शब्दांचे शेवट झिजून गेले, पण शेजारच्या शब्दात त्यांनी घडवलेला फरक तसाच राहिला. वडिलांना 'टाड' म्हणतात. त्यात 'स'चा ठसा अजून ठळक दिसतो: त्याचे वडील 'ई डाड', तर तिचे 'ई थाड', आणि हा 'थ' दातांतून फुंकर निघावी तसा. या बदलांचं मूळ गळालेल्या शेवटांत आहे, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप यांनी 1838 मध्ये मांडलं. 2021 च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये सुमारे 5 लाख 38 हजार लोकांना वेल्श बोलता येतं. व्याकरणाचा विचारही न करता ते हा भेद रोज अचूक पाळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खुद्द 'ब्राउड' हा 'भ्रातृ'चा सख्खा नातेवाईक. वेल्श ज्या केल्टिक भाषाकुळातली, त्यातलं जुनं रूप 'ब्रातीर'. शेवट झिजताना त्यातला अखेरचा 'र' गेला. मराठीत झीज त्याहून जास्त: 'भ्रातृ'तले 'र' आणि 'त' दोन्ही गळून प्राकृतातून 'भाऊ' उरला. वेल्शमध्ये मात्र अनेकवचनात 'र' वाचला, कारण तिथे त्याच्यामागे आणखी एक प्रत्यय होता आणि झीज त्यावर गेली. म्हणून भाऊ अनेक असले की ते 'ब्रॉडिर'. त्याचे असतील तर 'ई व्रॉडिर', तिचे असतील तर 'ई ब्रॉडिर'.