की बरोबर, तरी सर्व्हर ॲक्टिव्हेट का होत नाही? व्हॉल्यूम लायसन्सची पार्श्वभूमी

विंडोज सर्व्हर ॲक्टिव्हेट झाला नाही की आपल्याकडे पहिला संशय कीवर, म्हणजे परवान्याच्या कोडवर, जातो. तीच पंचवीस अक्षरी की पुन्हा पुन्हा टाकून बघतात, मग व्हेंडरला फोन जातो. माझ्या मते सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून व्हॉल्यूम लायसन्समध्ये, म्हणजे कंपनीने अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेल्या परवान्यात, कीचं वजन मायक्रोसॉफ्टने मुद्दाम कमी केलं आहे. ते का केलं हे माहीत असेल, तर बिघाड कुठे शोधायचा हेही लवकर कळतं.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. सुट्या ग्राहकाला ती ॲक्टिव्हेट करावी लागे, पण शेकडो मशीन असणाऱ्या कंपन्यांना त्यातून सूट होती. एकच व्हॉल्यूम की सगळीकडे टाकायची, मायक्रोसॉफ्टला काही कळवायचं नाही. एक्सपी दुकानांत यायच्या आधीच अशी एक की फुटली आणि जगभर पसरली. त्या काळात मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडून घेतलेल्यांना सीडीच्या पाकिटावर मार्करने लिहिलेल्या कीज आठवत असतील. २००२च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने फुटलेल्या कीज नाकारल्या, पण मूळ पद्धत सर्व्हर २००३ मध्येही तशीच राहिली. गुपित हजारो हातांतून जात असेल, तर ते राहणार कसं?

म्हणून पुढे दोन रस्ते आले. पहिला मॅक, म्हणजे मल्टिपल ॲक्टिव्हेशन की. प्रत्येक मशीन एकदा मायक्रोसॉफ्टकडे नोंदवायचं आणि ठरलेल्या कोट्यातून एक आकडा वजा व्हायचा. मशीन फॉरमॅट करून नव्याने ॲक्टिव्हेट केलं की आणखी एक वजा. दुसरा केएमएस, म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस. यात ऑफिसमधलाच एक सर्व्हर (केएमएस होस्ट) बाकीच्यांना ॲक्टिव्हेट करतो. या बाकीच्या, म्हणजे क्लायंट, मशीनवर जी की असते ती मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेली आहे, कुणीही वाचावी. खरी की फक्त केएमएस होस्टवर. क्लायंटवर ती जाहीर की एकदा बसली, की पुन्हा टाकून काहीच साधत नाही.

कीऐवजी भरवसा ठेवला तो ऑफिसच्या नेटवर्कवर आणि मशीनच्या संख्येवर. एकूण मशीनची मोजणी ५ झाल्याशिवाय केएमएस होस्ट सर्व्हरना ॲक्टिव्हेट करत नाही, आणि २५ झाल्याशिवाय डेस्कटॉपना. फोर्टातल्या एकूण तीन-चार मशीनच्या सीए फर्मला केएमएस म्हणूनच कधी लागू पडत नाही. तिथे मॅक घ्यावी. संख्या पुरेशी असूनही शेवटी एफ०३८ असलेला, म्हणजे मोजणी कमी पडते असं सांगणारा, एरर येत असेल, तर मशीन कशी तयार केली ते विचारा. एका सर्व्हरची इमेज काढून सिसप्रेप (इमेजमधली मशीनची ओळख पुसणारं टूल) न करता दहा ठिकाणी टाकली असेल, तर दहाही मशीनचा क्लायंट आयडी एकच असतो आणि होस्टच्या मोजणीत ती सगळी मिळून एक धरली जातात. सर्व्हर २००८ आर२च्या आधी तर व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारी) मोजणीत धरलीच जात नसे.

मला सर्वात जास्त भेटलेला घोळ वेगळाच आहे. लायसन्स पोर्टलवर केएमएसची म्हणून जी की दिसते ती होस्टची. घाईत असलेला इंजिनिअर तीच प्रत्येक सर्व्हरवर टाकतो. झालं, प्रत्येक सर्व्हर स्वतःला केएमएस होस्ट समजायला लागतो आणि डीएनएसमध्ये (नेटवर्कवरच्या नावांच्या यादीत) आपलं नाव आपणच नोंदवतो. ही की सहाच होस्टवर चालते, त्यामुळे सहा सर्व्हर निभावतात आणि सातवा अडतो. सगळे म्हणतात, काल तर चालत होतं! डीएनएसमधल्या व्हीएलएमसीएस नोंदी, म्हणजे केएमएस होस्टच्या नोंदी, उघडल्या की एकाऐवजी सहा नावं दिसतात. एक खरा होस्ट ठेवायचा, बाकीच्यांवर जाहीर क्लायंट की टाकायची, फालतू नोंदी काढायच्या. नवी की विकत घ्यायची गरज नसते.

केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मशीन दर सात दिवसांनी ते वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. ऑफिसबाहेर गेलेलं मशीन कधीतरी परत येणारच, या हिशोबाने ही मुदत ठेवलेली. मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये हा हिशोब कोलमडला. डोंबिवली-विरारला घरी गेलेल्या लॅपटॉपना व्हीपीएनमधून केएमएसचा १६८८ हा पोर्ट मिळत नसेल, तर त्यांची मुदत सप्टेंबरच्या आसपास संपणार होती. की तीच, लायसन्स तेच, फक्त होस्टपर्यंत वाट नव्हती. वेळेचंही तसंच आहे. क्लायंट आणि होस्टच्या घड्याळात चार तासांहून जास्त फरक पडला की विनंती नाकारली जाते. मोठा वेळ वीज गेल्यानंतर, बायोसची बॅटरी संपलेल्या जुन्या सर्व्हरवर मी आधी तारीख बघतो, एरर कोड नंतर.

सर्व्हर २०१२ बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतूनच (कंपनीतल्या मशीन आणि वापरकर्त्यांच्या नोंदवहीतून) ॲक्टिव्हेट करायची सोय आली आणि पाच-पंचवीसची अट तिथे उरली नाही. २०१२ आर२ने मायक्रोसॉफ्टच्याच हायपर-व्हीवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या, डेटासेंटर आवृत्तीच्या होस्टला आतल्या व्हर्च्युअल सर्व्हरांना आपोआप ॲक्टिव्हेट करू दिलं. हायपर-व्हीऐवजी व्हीएमवेअर वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. मुंबईतल्या बऱ्याच सर्व्हर रूममध्ये मात्र या सगळ्या पिढ्या शेजारी शेजारी चालू आहेत. जुना केएमएस होस्ट आपल्या आधीच्या आवृत्त्यांना ॲक्टिव्हेट करतो, नंतरच्यांना नाही. २०१२ आर२च्या होस्टवर २०२२चा सर्व्हर आणून जोडला तर तो अडणारच. होस्ट अपडेट करून किंवा बदलून त्यावर नव्या आवृत्तीची होस्ट की चढवावी लागते, आणि जुना होस्ट बंद करताना त्याची डीएनएस नोंद हाताने काढावी लागते, कारण ती आपोआप जात नाही.