हौशी रेडिओतील अँटेना-सुरक्षा

हौशी रेडिओ केंद्राची अँटेना उभारताना, तिची देखभाल करताना आणि तिच्यातून प्रक्षेपण करताना स्वतःला, घरच्यांना व शेजाऱ्यांना इजा होऊ नये म्हणून घ्यायच्या खबरदारीला अँटेना-सुरक्षा म्हणतात. नवा हॅम (हौशी रेडिओचालक) बहुधा रेडिओलहरींना घाबरतो. जीव मात्र जातात ते विजेच्या तारांना स्पर्श झाल्याने आणि उंचावरून पडल्याने. त्यामुळे सुरक्षेचा मोठा भाग खांब जमिनीवर आडवा असतानाच, जागा निवडताना ठरून जातो.

जागा ठरवताना खांब कोणत्याही दिशेला आडवा पडेल असे धरून चालावे. खांब १२ मी. आणि त्याच्या डोक्यावर ३ मी.ची उभी अँटेना असेल, तर पडण्याचे वर्तुळ १५ मी. त्रिज्येचे होते. त्यापुढे आणखी निदान ३ मी. मोकळे सोडावे, म्हणजे १८ मी.च्या आत एकही वीजवाहिनी नको. घराकडे येणारी सर्व्हिस वायरही यात मोजायची. तारेवर आवरण दिसले म्हणून ती निर्धोक ठरत नाही, कारण ते पुष्कळदा केवळ ऊन-पावसासाठी असते. तारेची अँटेना वीजवाहिनीच्या वरून किंवा खालून कधीच नेऊ नये. दोहोंपैकी एक तुटली की दुसरीला भिडते. झाडावरून टाकलेली दोरी ओली झाली की तीही वीज वाहते.

सर्वांत घातक क्षण खांब उभा करतानाचा. तिघे-चौघे ॲल्युमिनिअमचा खांब उचलत असतात, तो एका बाजूला कलंडू लागतो, आणि प्रत्येकाचा हात आपोआप तो अधिक घट्ट धरतो. खांब तारेकडे झुकत असेल तर त्या वेळी तो सोडून बाजूला होणे हाच एक उपाय आहे. हे आधी सगळ्यांना बजावून ठेवावे लागते, कारण त्या क्षणी विचाराला वेळ नसतो. तरीही स्पर्श झालाच, तर पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत माणसाला वा खांबाला हात लावू नये. वीज जमिनीतही पसरते, म्हणून जवळ असलेल्याने पावले न उचलता, दोन्ही पाय एकमेकांलगत ठेवून सरकत दूर जावे.

टॉवरवर चढणाऱ्याने नुसता कमरपट्टा न वापरता संपूर्ण शरीराचा हार्नेस घालावा. त्याला दोन दोर असावेत आणि एक सोडण्याआधी दुसरा अडकवावा, म्हणजे चढ-उतारातही माणूस क्षणभरसुद्धा मोकळा राहत नाही. खाली हेल्मेट घातलेला एक जाणकार हवाच. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साठून माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून त्याला कसे उतरवायचे तेही चढण्यापूर्वी ठरवावे. सरकवून उंच करण्याचा टॉवर वर उचललेला असताना त्यावर चढू नये. धरणारी वायर तुटली तर आतले भाग पात्यांसारखे खाली येतात. टॉवरचे तणावे, म्हणजे त्याला बाजूंनी ताणून धरणारे दोर, सोडायचे असल्यास आधी तात्पुरते तणावे बांधावेत.

तणाव्यांचा एक बारकावा हमखास चुकतो. पोलादी दोर वळवून क्लिपने आवळताना क्लिपचे खोगीर (दोर बसतो तो खाचेचा भाग) ताण घेणाऱ्या बाजूवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर यायला हवा. यू-बोल्ट दोराला चेपतो. तो उलटा बसला तर भार घेणारा दोरच दुबळा होतो. दुसरे म्हणजे, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अँटेनेवरचा जोर चौपट होतो. शांत हवेत ठाम वाटणारी उभारणी वादळात टिकेलच असे नाही.

आकाशातल्या विजेबाबतचा जुना दाखला १७५३ सालचा आहे. रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथे भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग रिखमान यांनी छपरावरच्या सळईची तार घरात उपकरणापर्यंत आणली होती; ती जमिनीला जोडलेली नव्हती. गडगडाटात निरीक्षण करत असताना वीज त्यांच्या अंगावर आली आणि ते जागीच मरण पावले. आज अँटेनेपासून रेडिओपर्यंतची केबल घरात येते तीही अशीच वाट उघडते. म्हणून केबल घरात शिरण्यापूर्वी अर्थ केलेल्या पट्टीवर लायटनिंग अरेस्टर (विजेचा लोट जमिनीकडे वळवणारे साधन) बसवतात. अर्थिंगची तार जाड, आखूड आणि सरळ असावी. विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढत असल्याने काटकोनी वळणही त्याला अडथळा ठरते. टॉवरची व घराची अर्थिंग एकमेकींना जोडलेली नसतील, तर त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक रेडिओतूनच वाट काढतो. वादळ येण्याआधी केबल बाहेरच सोडवून अर्थ करावी. सोडवलेला कनेक्टर टेबलावर ठेवणे म्हणजे वीज खोलीत आणणेच. थेट पडलेल्या विजेपुढे अरेस्टरचीही खात्री नसते.

रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या अणूंचे आयनीभवन करत नाहीत. त्यांची मुख्य इजा म्हणजे ऊतींचे तापणे. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलच्या (मधोमध केबल जोडलेल्या सरळ तारेच्या अँटेनेच्या) टोकांना सर्वाधिक विद्युतदाब असतो. ७ मेगाहर्ट्‌झवर ही तार सुमारे २० मी. लांब असते आणि १०० वॉटलाही तिच्या टोकाशी शेकडो व्होल्ट उभे राहतात. तिथला चटका त्वचेखाली खोल जातो व सावकाश भरतो. म्हणून टोके मुलांच्याही हाताला लागणार नाहीत इतकी उंच हवीत.

३० ते ३०० मेगाहर्ट्‌झमध्ये मानवी शरीर ऊर्जा अधिक शोषते, म्हणून आंतरराष्ट्रीय शिफारशींत तिथली मर्यादा सर्वांत कडक, सर्वसामान्यांसाठी दर चौरस मीटरला २ वॉट अशी आहे. १४४ मेगाहर्ट्‌झवर ५० वॉट आणि शक्ती एका दिशेला दहापट एकवटणारी यागी अँटेना घेतली, तर ही मर्यादा मुख्य दिशेत सुमारे ४.५ मी.वर येते. जमिनीवरून परतलेली लहर पूर्णपणे मिसळली तर तीव्रता चौपट होते, त्यामुळे अंतर ९ मी. धरणे शहाणपणाचे. एफएममध्ये बोलताना पूर्ण शक्ती सतत जाते. एसएसबी या पद्धतीत शक्ती आवाजाबरोबर कमी-जास्त होते, म्हणून सरासरी बरीच कमी पडते. टॉवरवर कोणी असेल तेव्हा प्रक्षेपकाची केबल सोडवून ठेवावी, कारण नुसत्या तोंडी सूचनेने चुकून दाबलेले बटण थांबत नाही.

हातातल्या संचाची शक्ती ५ वॉटच्या आसपास असते, पण अँटेना चेहऱ्यापासून काही सेंटिमीटरवर येते. डोळ्यातील भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही. म्हणून बोलताना संच सरळ उभा आणि अँटेना डोळ्यांपासून दूर धरतात.